दहा दिवसांचा कोर्स संपला, आता वर्गात सोबत कोण येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या बातम्या अधूनमधून येतात, इतक्या शिक्षकांनी कोर्स पूर्ण केला, अमुक तालुक्याचं काम शंभर टक्के झालं, असं. यंदाच्या मे महिन्यात मी पण त्या आकड्यात एक होते. वर्गात तंत्रज्ञान कसं वापरायचं याचा सलग दहा दिवसांचा कोर्स मी पूर्ण केला, सर्टिफिकेट मिळालं, शाळा सुरू झाली आणि आता दोन महिने ते सगळं वर्गात करून बघितल्यावर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतायत. ज्यांच्या हातात पुढचे कोर्स ठरवायचं असतं ते लोक सकाळी पेपर वाचतात एवढं मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय. पत्र लांबलंय, सांभाळून घ्या.

मी बागलाण तालुक्यात, म्हणजे सटाण्याकडे, एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नोकरीला बावीस वर्षं झाली. शाळा पहिली ते आठवी, पट ९६, शिक्षक चार. सहावी ते आठवीचं गणित-विज्ञान माझ्याकडे, आणि खालच्या वर्गाचे सर मीटिंगला गेले की त्यांची पोरंही माझ्या वर्गात येऊन बसतात. गावात कांदा आणि डाळिंब, आणि वरच्या पाड्यांवरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात, पोरं कधी बरोबर जातात कधी आजीकडे राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की कोर्समधे जे शिकवलं ते शेवटी या पोरांपर्यंत जायचं होतं.

आम्ही चाळीस जण होतो. सकाळी दहा ते पाच, बाहेर मे महिन्याचं ऊन आणि हॉलमधे चार पंखे. पहिल्या दिवशी खरं सांगायचं तर कुणाच्याच चेहऱ्यावर उत्साह नव्हता, सुट्टी मोडून आलेलो, आणि याआधीची प्रशिक्षणं आठवत होती जिथे समोरचा माणूस स्लाइड वाचून दाखवतो आणि आपण वहीत उतरवतो. पण यावेळचे सुलभक, म्हणजे आम्हाला शिकवणारे, स्वतः शिक्षक होते, रोज वर्गावर जाणारे, आणि त्यांनी पहिल्याच तासाला एक प्रश्न विचारला, तुमच्या वर्गात पोरं दरवर्षी नेमकी कुठे अडतात ते एका चिठ्ठीवर लिहा. मोबाईल नंतर काढा म्हणाले. मी लिहिलं, दशांश अपूर्णांक आणि ऋतू. माझ्या शेजारी एक गुरुजी होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, त्यांनी लिहिलं, प्रश्नपत्रिका टाइप करता येत नाही म्हणून फळ्यावर लिहितो, मागच्या बाकावरच्यांना दिसत नाही.

त्या दोन चिठ्ठ्यांवरच्या तीन अडचणींवरच बोलते, म्हणजे नुसतं मत न राहता काय घडलं ते कळेल.

आधी गुरुजींचं. आमच्याकडे अजूनही कितीतरी शाळांत प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमधे टाइप होतात, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे तो फॉन्ट असतो, शाळेच्या लॅपटॉपवर नसतो, मग फाइल उघडली की सगळी अगम्य चिन्हं. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तशीच दिसतात अशी टाइप करायची पद्धत, तो कित्येक वर्षांपासून आहे आणि फुकट आहे, पण कुणी शेजारी बसून दाखवलंच नव्हतं. गुरुजींना दोन दिवस लागले. एका संध्याकाळी ते 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र शोधत बसले होते, 'दुसर्या' असं उमटायचं आणि त्यांना ते चालत नव्हतं, मराठीच्या शिक्षकाला चालणारच नाही, आणि सापडल्यावर त्यांनी तो शब्द पाच-सहा वेळा टाइप करून बघितला. आता त्यांच्या चाचण्या छापून जातात, मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसो न दिसो, हातात कागद असतो. मला विचाराल तर अख्ख्या कोर्समधलं सगळ्यात मोलाचं काम ते होतं, आणि कोर्सच्या अहवालात त्याचा उल्लेखही नसेल, कारण फोटोत ते दिसत नाही.

आता माझा दशांश अपूर्णांक. तिसऱ्या दिवशी आम्हाला प्लिकर्स नावाची गोष्ट शिकवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येक पोराला एक छापील कार्ड द्यायचं, त्यावर क्यूआर कोडसारखी चौकोनी काळी नक्षी असते आणि चार बाजूंना ए बी सी डी अशी बारीक अक्षरं. प्रश्न विचारला की पोरानं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, शिक्षकानं आपला मोबाईल वर्गावरून फिरवायचा, आणि कुणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर येतं. पोरांकडे मोबाईल लागत नाही, एक माझा पुरे. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजारच्याचं उत्तर सहज दिसत नाही. कार्डं मी जाड कागदावर छापून घेतली आणि खाकी पुठ्ठ्यावर चिकटवली, प्लास्टिकनं लॅमिनेट केलं तर उजेड चकाकतो आणि कॅमेऱ्याला दिसत नाही, हे पण कोर्समधे स्वतः करून बघितलं म्हणूनच कळलं.

जूनमधे सहावीच्या वर्गात, ३१ पोरं, प्रश्न टाकला, ०.५ आणि ०.२५ यातली मोठी संख्या कोणती. १९ पोरांनी ०.२५ धरलं. मी बावीस वर्षं हा घटक शिकवते. दरवर्षी फळ्यावर समजावून विचारते, कळलं का, आणि वर्ग एका सुरात हो म्हणतो, पुढच्या बाकावरची चार-पाच पोरं बरोबर उत्तर देतात, मी पुढे जाते. त्या दिवशी मोबाईलवर ते १९ लाल पट्टे बघितले आणि मला रात्री नीट झोप लागली नाही, कारण ही १९ पोरं काही यंदाच आलेली नाहीत, दरवर्षी असणार, फक्त मला दिसली नव्हती. त्यांचं चुकलं कुठे तेही सरळ आहे, २५ हे ५ पेक्षा मोठे म्हणून ०.२५ मोठं. पूर्णांकाचा नियम त्यांनी दशांशाला लावला, त्यांच्या बाजूने विचार अगदी बरोबर होता.

मग उपाय काय. मी आधी नेहमीचा केला, पन्नास पैसे आणि पंचवीस पैसे. पोरं माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस पैशाचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं, ही पोरं त्यानंतरची, पन्नास पैसे पण त्यांनी हातात घेतलेलं नाही. म्हणजे माझं उदाहरण कधीच जुनं झालेलं आणि मी तेच देत होते! शेवटी आलेखाचा कागद काढला, दहा बाय दहाचा चौकोन, शंभर घरं, त्यात पन्नास रंगवा, दुसऱ्यात पंचवीस रंगवा, आणि खाली लिहा ०.५० आणि ०.२५. दोन तास गेले रंगवण्यात. चौथ्या दिवशी तोच प्रश्न आकडे बदलून, ०.४ आणि ०.३८, पुन्हा कार्डांवर. पाच जण चुकले. त्या पाच जणांना मी मधल्या सुट्टीत घेऊन बसले, आणि मुख्य म्हणजे ते पाच कोण हे मला नावानिशी माहीत होतं.

आता यात मोबाईलने शिकवलं का, नाही, शिकवलं रंगीत खडूने आणि आलेखाच्या कागदाने, पण मोबाईल नसता तर मी त्या कागदापर्यंत आलेच नसते.

तिसरी अडचण ऋतूंची, आणि ही मला सगळ्यात आवडलेली. कोर्सच्या मधल्या एका दिवशी साडेबाराच्या सुमारास सुलभकांनी आम्हाला ऐन उन्हात बाहेर काढलं. मे चा चौथा आठवडा. ओट्यावर स्टीलचा उंच पेला उपडा ठेवला आणि म्हणाले बघत राहा. पेल्याची सावली बारीक होत होत पार बुडाखाली गेली. शून्य सावली. आपल्या महाराष्ट्रात दक्षिणेकडून उत्तरेकडे मे महिनाभर हा दिवस सरकत येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि मी विज्ञान शिकवणारी बाई, इतक्या वर्षांत एकदाही बघितलेला नव्हता. कारण सोपं आहे, तो दिवस नेहमी सुट्टीत येतो, आणि परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तो जुलैत, तेव्हा आमच्याकडे ढग.

तर जे पोरांना सुट्टीमुळे आणि पावसामुळे कधीच दिसत नाही ते दाखवायला स्टेलॅरियम नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आपलं गाव टाकायचं, तारीख टाकायची, आणि आकाश समोर. जूनमधे मी ते शाळेच्या टीव्हीवर लावलं. मे ची ती तारीख टाकली, सूर्य माथ्यावर. २२ डिसेंबर टाकली, सूर्य दक्षिणेकडे खाली, साधारण ४६ अंशांवर. मग २१ जून टाकली आणि सातवीतला एक पोरगा उभा राहून म्हणाला मॅडम सूर्य तर उत्तरेला गेला. त्याला ते पटेना, कारण त्याच्या डोक्यात दुपारचा सूर्य म्हणजे दक्षिणेला. मी म्हटलं टीव्हीवर विश्वास ठेवू नको, बाहेर बघू. मैदानात दोन मीटरचा बांबू रोवला, ओळंबा लावून सरळ केला आणि ढगाची वाट बघत बसलो. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दुपारी ढग फाटले आणि बांबूची सावली पडली, अर्ध्या वीतेएवढी, आणि दक्षिणेकडे! पोरं अक्षरशः ओरडली. आता तो बांबू तिथेच आहे, दर शुक्रवारी कुणीतरी खडूने खूण करतं आणि वहीत तारीख लिहितं, दिवाळीपर्यंत सावली किती लांबते ते बघायचंय. पाड्यावरची जी पोरं दिवाळीनंतर नसतील त्यांनी आत्ताच मला विचारलंय की तिकडे उसाच्या फडावर काठी रोवली तर चालेल का. चालेल म्हटलं, मोजून ठेवा.

हे तीन प्रसंग मी आनंदाने सांगितले कारण कोर्सने मला खरंच काही दिलं. आता जे खुपलं ते.

कोर्समधे एका दुपारी एक स्लाइड दाखवली, तीन वर्तुळं एकमेकांत गुंतलेली. एक वर्तुळ विषयाचं ज्ञान, दुसरं शिकवण्याचं, तिसरं तंत्रज्ञानाचं, आणि मधे जिथे तिन्ही मिळतात तिथे शिक्षकाचं खरं काम. याला टीपॅक म्हणतात, २००६ साली पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोघांनी ते मांडलं. पंधरा मिनिटांत ती स्लाइड संपली आणि पुढे चार दिवस एकामागून एक अॅप. व्हिडिओ बनवायचं अॅप, पोस्टर बनवायचं अॅप, चाचणी घ्यायचं अॅप, अॅनिमेशनचं अॅप. मी वहीत मोजली तर २३ निघाली. त्यातली मी आज तीन वापरते, आणि माझ्या बॅचच्या बाकीच्यांना विचारलं तर कुणी दोन कुणी एक. तेवीस अॅपच्या ऐवजी तीनच शिकवली असती आणि उरलेल्या वेळात आमच्याकडून प्रत्यक्ष पाठ घेऊन घेतले असते, चुकलेले पाठ पुन्हा घेऊ दिले असते, तर आज चाळीसच्या चाळीस शाळांत काहीतरी चाललं असतं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट तर पुन्हा पुन्हा सांगितली गेली की पोरांना व्हिडिओ घरी बघायला सांगा आणि वर्गात फक्त चर्चा करा. शहरात होत असेल. माझ्या वर्गात ज्या घरी मोबाईल आहे तिथे तो बापाच्या खिशात असतो आणि बाप शेतातून अंधार पडल्यावर येतो, तोवर पोरगं झोपायला आलेलं. २०२० मधे मार्चपासून शाळा बंद होत्या तेव्हा आम्ही हे सगळं अनुभवलं, ग्रुपवर अभ्यास टाकायचो आणि तीन जणांनी बघितलं असं दिसलं तरी समाधान मानायचो, पाड्यावर चालत जाऊन वह्या तपासल्या तेव्हा कळलं कुणाला काय पोचलं ते. तो अनुभव महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाकडे आहे. कोर्समधे तो कुणी विचारलाच नाही. चाळीस जणांकडून त्या दीड-दोन वर्षांबद्दल दहा-दहा मिनिटं ऐकून घेतली असती तर कुठल्याही पुस्तकात नाही एवढं सापडलं असतं.

भाषेचंही असंच. वाचन शिकवणारं एक अॅप दाखवलं, पोरगं मोठ्याने वाचतं आणि अॅप ऐकून चूक-बरोबर सांगतं. कल्पना फार चांगली आहे, मी शाळेत आल्यावर तिसरीच्या पोरांना दिलं. एक मुलगी, चुणचुणीत, गोष्टी सांगण्यात पहिली, तिने 'डोळा' ला 'डोया' वाचलं. अॅपने पुन्हा वाच म्हटलं. तिने पुन्हा 'डोया' म्हटलं. चार वेळा असं झालं आणि ती मोबाईल खाली ठेवून गप्प बसली. आमच्या अहिराणीत ळ चा य होतो, केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, तिने अक्षर बरोबर ओळखलेलं, अर्थ बरोबर लावलेला, फक्त तिच्या आईच्या तोंडून जसं ऐकलं तसं उच्चारलं. मी असते तर म्हटलं असतं हो बाळा, घरी डोया, पुस्तकात डोळा, आणि पुढचं वाक्य वाच. यंत्राला ते कळलं नाही. त्या मुलीला पुन्हा वाचतं करायला मला आठवडा लागला. अशा गोष्टी कोर्समधे आधी सांगायला हव्यात, की खानदेशात, कोकणात, गडचिरोलीत, मेळघाटात पोराची घरची बोली वेगळी असेल तर अॅप देताना शिक्षकाने शेजारी बसायलाच हवं.

शेवटचा एक दिवस आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा होता. टाचण, म्हणजे पाठाची आधीची लेखी तयारी, काढायचं, प्रश्नपत्रिका काढायची, उतारे लिहून घ्यायचे. मला त्याची भीती वाटत नाही, उलट ज्या शाळेत एक शिक्षक तीन वर्ग सांभाळतो तिथे टाचणात वाचलेला अर्धा तास म्हणजे सोनं आहे. पण मी त्याला साल्हेर किल्ल्यावर पाचवीसाठी उतारा लिहायला सांगितला तर त्याने साल्हेर भलत्याच जिल्ह्यात टाकला आणि तेही अशा ठाम भाषेत की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. साल्हेर आमच्या तालुक्यात आहे! राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, कळसूबाईनंतर महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६७२ ची लढाई तिथली, आणि जुलै २०२५ मधे युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले त्यातला एक. मी तो उतारा जसाच्या तसा छापून पोरांना दिला आणि सांगितलं यात चुका आहेत, शोधा. पोरं गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेली, पुस्तकं काढली, एकाने मामाला फोन केला जो तिथे पायथ्याशी राहतो. सात चुका काढल्या. हा पाठ मला कुणी शिकवला नव्हता, मी आपला करून बघितला, आणि आमच्या कोर्सला याच्यासाठी जागा हवी होती, शिक्षकाने स्वतः शोधलेल्या वापरासाठी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

कोर्स संपला त्या दिवसापासून आजपर्यंत एकही माणूस माझ्या वर्गात येऊन बसलेला नाही. लिंक मात्र येतात. तंत्रज्ञान वापरल्याचा फोटो टाका, लोकेशन दिसेल असा, दोन मिनिटांचा व्हिडिओ टाका, आज संध्याकाळपर्यंत टाका. कोर्स चालू असतानाही दिवसातून दोनदा हजेरीची लिंक आणि फोटो, नेट चालत नसायचं तेव्हा सुलभकांचा अर्धा तास त्यातच जायचा, त्यांनाही वाईट वाटायचं. मी कुणा एका साहेबाला दोष देत नाही, त्यांच्यावरही वरून तोच तगादा असतो. पण यातून होतं काय की शिक्षक फोटोपुरतं तंत्रज्ञान वापरायला लागतो. टीव्ही लावलाय, पोरं बघतायत, फोटो चांगला येतो. ०.२५ मोठं म्हणणारी १९ पोरं फोटोत येत नाहीत, आणि ती कमी होऊन पाच झाली हेही येत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, असं म्हटलंय की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षणाची संधी मिळावी. चांगली गोष्ट आहे. माझी विनंती एवढीच की हे ५० तास सलग हॉलमधे खर्च करू नका. तीस तास हॉलमधे घ्या. उरलेले वीस तास शाळेत द्या, म्हणजे जे सुलभक आम्हाला शिकवतात तेच वर्षभरात चार-पाच वेळा माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसू देत, माझा पाठ बघू देत, चुकलं तिथे सांगू देत, आणि एकदा त्यांनी माझ्या पोरांना शिकवावं, मी मागे बसते. त्यांच्या त्या तासांची नोंद कामाचे तास म्हणून व्हावी, त्यांच्या वर्गावर त्या दिवशी कुणीतरी असावं. याला मोठा पैसा लागत नाही, वेळेचं नियोजन लागतं.

केरळचं उदाहरण मला कोर्समधल्याच एका सुलभकांनी चहाच्या वेळी सांगितलं होतं, मग मी वाचलं. तिथे आयटी अॅट स्कूल हा प्रकल्प २००१ ला सुरू झाला, पुढे २०१७ ला त्याची काइट नावाची संस्था झाली. त्यांनी शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले, मुक्त सॉफ्टवेअर घेतलं जे कुठल्याही शाळेला पुन्हा पुन्हा फुकट टाकता येतं, आणि मग आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्या सुसज्ज केल्या. २०१८ पासून तर पोरांचीच पथकं केली, लिटल काइट्स, शाळेतली यंत्रं सांभाळायला पोरंच मदत करतात. माणसं तयार करायचं काम तिथे खोल्या सजवायच्या कितीतरी आधी सुरू झालं. आमच्याकडे बहुतेक वेळा यंत्र आधी येतं. कुणी देणगीदार टीव्ही देतो, उद्घाटन होतं, आणि सहा महिन्यांनी इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की तो टीव्ही फुलाफुलांच्या कव्हरखाली झाकला जातो. आमच्या शाळेचा टीव्ही गावाने लोकवर्गणीतून घेतलाय, कांद्याला भाव नव्हता त्या वर्षी माणसांनी शंभर-दोनशे करून पैसे दिले, म्हणून तो बंद पडला की मला लोकांना तोंड दाखवायला कसंतरी होतं. आमच्याएवढ्या पटाच्या शाळेला वर्षाचं अनुदान २५,००० रुपये, त्यात खडू, लाइटबिल, संडास साफसफाई, पायऱ्यांची डागडुजी सगळं. दुरुस्तीसाठी वेगळी छोटी रक्कम आणि तालुक्याला एक दुरुस्त करणारा माणूस, हे मिळालं तर कितीतरी शाळांचे झाकलेले टीव्ही चालू होतील.

लहानपणी आमच्याकडे दुपारी टीव्हीवर बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागायचे, पुण्याहून, १९८४ साली ती संस्था सुरू झाली होती. आम्ही ओट्यावर बसून बघायचो. पुढे ती बंद झाली तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. मग संगणक आले, मग सीडी आल्या, मग टॅब, मग पुस्तकांवर क्यूआर कोड आणि २०१७ पासून दीक्षा हे सरकारी अॅप. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी आधी आपल्या शाळेतल्या पोरांसाठी पुस्तकांना कोड लावले, त्यातून पुढे सगळ्या राज्याला ती गोष्ट मिळाली, आणि २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटली. मला त्या बक्षिसापेक्षा पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, एका छोट्या शाळेत एका शिक्षकाला आपल्या पोरांचं काय अडलंय ते दिसलं आणि करून बघायला मोकळीक मिळाली. तशी मोकळीक आम्हा सगळ्यांना हवी आहे, आठवड्यातून एक तास तरी, ज्यात कुठली लिंक भरायची नाही.

तोपर्यंत आम्ही आपलं आपण सुरू केलंय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, आम्ही सहा जण एका शाळेत जमतो, दर वेळी वेगळी शाळा. प्रत्येकाने त्या आठवड्यात फसलेला एक पाठ सांगायचा, जमलेला सांगितला नाही तरी चालतं. गेल्या शनिवारी ते रिटायरमेंटला आलेले गुरुजी चोवीस किलोमीटर मोटरसायकल चालवून आले, पिशवीत पुठ्ठ्यावर चिकटवलेली चाळीस कार्डं होती, त्यांनी स्वतः कापलेली, आणि म्हणाले मॅडम माझ्या मोबाईलला यातली सहा दिसतच नाहीत, बघा बरं काय चुकलं. कडा जरा जास्त कापल्या गेल्या होत्या. परत छापायला दिलीत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. बागलाण, जि. नाशिक